लहान रुग्णालय की मोठे रुग्णालय? परिचारिकेच्या कारकिर्दीचा एक अभ्यास



वार्षिक अहवालात ताळेबंद असतो, उत्पन्न-खर्चाचे पत्रक असते, नव्या यंत्रसामग्रीची छायाचित्रे असतात. इमारतीवर व यंत्रांवर किती घसारा आकारला, हेही तेथे वाचावयास मिळते. मात्र ज्या मनुष्यबळावर रुग्णालय अहोरात्र उभे असते, त्या परिचारिकांच्या अनुभवाची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. एखादी कुशल परिचारिका राजीनामा देऊन गेली, तर ताळेबंदातील एकही आकडा बदलत नाही. कक्षात मात्र त्याच रात्रीपासून पुष्कळ काही बदलते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकाचा नव्हे. यास्तव वैद्यकीय उपचारांविषयी भाष्य करण्याचा अधिकार माझा नाही. परंतु मनुष्यबळाचा हिशेब ठेवणे हे प्रशासकाचे कर्तव्यच असल्याने, परिचारिकेने लहान ग्रामीण रुग्णालयात काम करावे की मोठ्या शहरी रुग्णालयात, आणि आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाचे त्यात नेमके स्थान कोणते, या प्रश्नाचा अभ्यास आपणापुढे मांडीत आहे.

थोडी पार्श्वभूमी

परिचर्येच्या शिक्षणाचे आज आपल्याकडे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला ए.एन.एम. म्हणजे साहाय्यकारी परिचारिका प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम; दुसरा जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. आणि तिसरा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग पदवी अभ्यासक्रम, जो महाराष्ट्रात नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतो. शिक्षण पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्याखेरीज कोणासही परिचारिका म्हणून काम करता येत नाही. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला.

महाराष्ट्रात हे शिक्षण सामान्य घरातील स्त्रियांपर्यंत पोहोचविण्यात सेवाभावी संस्थांचा वाटा मोठा आहे. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे कार्य सुरू झाले. ससून रुग्णालयात परिचर्या शिकणाऱ्या स्त्रियांच्या निवासाची सोय या संस्थेने केली. त्या काळी परिचारिकेचा व्यवसाय प्रतिष्ठेचा मानला जात नसे. घरातील मुलगी वा विधवा सून परक्यांची शुश्रूषा करण्यास पाठविणे अनेकांना रुचत नसे. सुरक्षित वसतिगृह आणि प्रतिष्ठित संस्थेचा आधार मिळाल्यामुळेच अनेक कुटुंबांचा विरोध मावळला. देणगीदारांनी ही गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावी, कारण या लेखाच्या अखेरीस आपण पुन्हा निवासाच्या प्रश्नाकडे येणार आहोत.

लहान रुग्णालय काय शिकविते

शासकीय रचनेत उपकेंद्र हा सर्वांत खालचा टप्पा. मैदानी भागात सुमारे ५,००० व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा संकेत आहे. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथे साधारणतः सहा खाटा. आणि त्यावर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय. खासगी व सेवाभावी क्षेत्रातील लहान रुग्णालयेही बहुधा याच आकाराची असतात.

अशा ठिकाणी परिचारिकेस एकाच पाळीत अनेक भूमिका पार पाडाव्या लागतात. प्रसूतिकक्षात बाळंतीण, शेजारच्या खाटेवर तापाने फणफणलेले मूल, तेवढ्यात दारात येऊन थांबलेली अपघाताची जीप. औषधभांडाराची किल्ली तिच्याच कमरेला आणि उपकरणे निर्जंतुक करण्याच्या यंत्राकडे लक्षही तिचेच. रात्री डॉक्टर निवासस्थानी असतात, त्यांना केव्हा हाक मारावयाची हा निर्णय तिला घ्यावा लागतो. रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून गांभीर्य ओळखण्याची जी दृष्टी येथे लाभते, ती कोणत्याही पुस्तकातून लाभत नाही.

कोकणातील विंचूदंशाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी, विशेषतः बालकांमध्ये, मृत्यूचे प्रमाण मोठे होते. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागातच संशोधन करून प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता जगापुढे मांडली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला. परंतु औषध दिल्यानंतर तासन्‌तास रुग्णाची नाडी व रक्तदाब पाहणे, हातपाय गार पडले आहेत की उबदार होत आहेत याची नोंद ठेवणे, मुलास एकदम उठून बसू न देणे, हे सर्व काम परिचारिकेचे. उपचार कितीही नामी असला तरी तो यशस्वी होतो तो अशा जागत्या नजरेमुळे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्याचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार-मोखाड्याकडील अत्यवस्थ रुग्ण बहुधा नाशिककडे, तर डहाणू-तलासरीकडील रुग्ण वलसाड वा सेलवासकडे पाठविले जातात. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होणाऱ्या मातेस घाटरस्त्याने एवढ्या दूर न्यावयाचे, तर निघण्यापूर्वी शिरेत सलाईन लावणे, गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध देणे, पोटावरून मर्दन चालू ठेवणे आणि पुढील रुग्णालयासाठी अचूक चिठ्ठी लिहिणे, या गोष्टींवर तिचा जीव अवलंबून असतो. ही सर्व कामे प्रामुख्याने परिचारिकाच पार पाडीत असते.

ग्रामीण सेवेचा आणखी एक पैलू म्हणजे शिकविणे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. त्यामुळे नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचा अनुभव तर आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. आरंभी त्यांनी गावोगावी साहाय्यकारी परिचारिका नेमून पाहिल्या. परंतु परक्या गावात एकटीने राहणे त्या मुलींना जड गेले. तेव्हा गावातीलच स्त्रियांना निवडून आरोग्यसेविका म्हणून घडविण्यात आले आणि परिचारिका फिरत्या पथकातून त्यांना शिकविण्यास व आधार देण्यास जाऊ लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या अनुभवातून निघणारा बोध असा की, परिचारिका टिकत नाही यास तिचा सेवाभाव कमी पडतो हे कारण नसून, तिला एकटी पाडणारी व्यवस्था हे कारण असते.

मोठे रुग्णालय काय देते

मोठ्या रुग्णालयाचे सामर्थ्य निराळे. तेथे विस्तारापेक्षा खोली अधिक. अतिदक्षता विभाग, नवजात अतिदक्षता, डायलिसिस, हृदयविभाग, शस्त्रक्रियागृह असे स्वतंत्र विभाग असतात आणि परिचारिका एका विभागात स्थिरावून त्यात पारंगत होते. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाची काळजी, औषधाची अचूक मात्रा यंत्राद्वारे देणे, जंतुसंसर्ग रोखण्याच्या लेखी कार्यपद्धती, प्रत्येक चुकीची नोंद करून तिचे कारण शोधण्याची पद्धत, या गोष्टी तेथे शिस्तीने शिकविल्या जातात. रुग्णालयांना गुणवत्तेचे मानांकन देणाऱ्या एन.ए.बी.एच. या संस्थेमुळे ही शिस्त अधिक दृढ झाली आहे.

पदोन्नतीची शिडीही तेथे स्पष्ट असते. शासकीय सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, साहाय्यक अधिसेविका, अधिसेविका असा क्रम आहे. खासगी मोठ्या रुग्णालयांत यांखेरीज जंतुसंसर्ग नियंत्रण परिचारिका, प्रशिक्षण समन्वयक, गुणवत्ता विभागातील पदे अशा वाटा असतात. अतिदक्षता व अन्य विषयांतील एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविका, त्यापुढे एम.एस्सी. असे उच्च शिक्षणही तेथील नोकरीतून सुकर होते.

परंतु तोटेही आहेत. काही वर्षे एकाच विभागात काढलेली परिचारिका अन्य कामांत मागे पडू शकते. डायलिसिसमध्ये निष्णात असलेल्या परिचारिकेस प्रसूती हाताळण्याचा सराव राहत नाही. शेकडोंच्या समूहात तिचे नाव ठाऊक नसणारे वरिष्ठ असतात. आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला की नाही, हे कित्येकदा तिला कळतही नाही.

वेतनाचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. परिचारिकांच्या अल्प वेतनाचा प्रश्न भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघाने सर्वोच्च न्यायालयात नेला. २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार केंद्र शासनाने प्रा. जगदीश प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खासगी रुग्णालयांसाठी समितीने केलेल्या शिफारशी खाटांच्या संख्येवर आधारलेल्या आहेत. २०० हून अधिक खाटा असल्यास वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे. १०० हून अधिक खाटा असल्यास ते त्याहून १० टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे. ५० ते १०० खाटा असल्यास २५ टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही ते मासिक २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणीचे काम राज्यांकडे सोपविले गेले.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत सातव्या वेतन आयोगानुसार अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई व घरभाडे भत्ता वेगळा. समितीने लहान रुग्णालयांसाठी सुचविलेला किमान आकडा आणि हा आरंभीचा आकडा यांतील अंतर वाचकांनीच पाहावे. त्याच शिक्षणाची, त्याच परिषदेकडे नोंदलेली मुलगी केवळ रुग्णालयाच्या आकारामुळे एवढ्या कमी वेतनावर काम करते. शासकीय भरतीची जाहिरात निघाली की लहान रुग्णालयांतून अर्ज का जातात, याचे उत्तर या अंतरातच आहे. यात कृतघ्नता शोधणे अन्यायाचे ठरेल.

दुसरी बाजूही मांडणे अगत्याचे आहे. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. ही जबाबदारी आपण आनंदाने स्वीकारतो, कारण न्यासाचा हेतूच तो आहे. तथापि, गरिबाला दिलेल्या सवलतीचा भार परिचारिकेच्या पगारपत्रकावर पडता कामा नये. सवलत न्यासाने द्यावयाची आहे. ती परिचारिकेने आपल्या वेतनातून द्यावी, अशी अपेक्षा धर्मादाय म्हणता येणार नाही.

तीन राजीनाम्यांचे गणित

रुग्णांच्या आप्तांना अनेकदा प्रश्न पडतो की, परिचारिका आल्या-गेल्या तर रुग्णास काय फरक पडतो. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट करतो.

समजा, तीस खाटांचे रुग्णालय आहे आणि पाच रुग्णांमागे एक परिचारिका ठेवावयाची आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा सर्वसाधारण रुग्णालयांसाठीचा निकषही असाच आहे, आणि त्यावर रजेपोटी ३० टक्के राखीव संख्या धरावी असे त्यात सांगितले आहे. प्रत्येक पाळीस सहा, तीन पाळ्यांना मिळून रोज १८ परिचारिका हव्यात. पण एक व्यक्ती ३६५ दिवस काम करू शकत नाही. ५२ साप्ताहिक सुट्ट्या, सणांच्या ८ आणि अन्य रजा ३० धरल्या तर ९० दिवस वजा होऊन २७५ उरतात. म्हणजे १८ जागा वर्षभर भरलेल्या ठेवण्यासाठी २४ परिचारिका लागतात. ३० टक्के राखीव हा आकडा कोठून येतो, हे यावरून ध्यानात येईल.

आता तिघींनी राजीनामा दिला. उरल्या २१. वर्षास ६,५७० पाळ्या भरावयाच्या आहेत. २१ जणी मिळून ५,७७५ भरू शकतात. ७९५ पाळ्यांची तूट पडली, म्हणजे दिवसाला दोनहून अधिक. याचा अर्थ तीनपैकी दोन पाळ्यांत सहाऐवजी पाचच परिचारिका असतील आणि प्रत्येकीकडे पाचऐवजी सहा रुग्ण येतील. ज्या रुग्णालयात २४० परिचारिका आहेत तेथे तीन राजीनाम्यांची झळ जाणवतही नाही. लहान रुग्णालयात त्याने आठवा हिस्सा मनुष्यबळ नाहीसे होते.

पाचाचे सहा झाले तर काय बिघडले, असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हानिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांविषयी असे आढळले की, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांतील मृत्यूचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो. आणि परिचारिकेस कामाचा उबग येण्याचा संभव २३ टक्क्यांनी. परदेशातील आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावणे योग्य नाही, हे खरे. पण त्यातील कार्यकारणभाव कोठेही बदलत नाही. वाढलेल्या कामाने थकलेली परिचारिका सोडून जाते, ती गेल्याने उरलेल्यांचे काम वाढते, आणि मग त्यांतील आणखी एक जाते. हे चक्र प्रथम थांबवावे लागते. ते थांबविण्यासाठी योजलेली रक्कम ही थेट रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच खर्च होत असते.

मीरा-भाईंदरचे स्थान

आपले शहर ना खेडे, ना महानगर. घोडबंदर, काशी, नवघर, खारी, राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन अशा गावांचे आधी नगरपालिकेत आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिकेत रूपांतर होत गेले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ८ लाख ९ हजार झाली. भाईंदर पश्चिमेस टेंभा येथील भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, मीरा रोड येथील भारतरत्न इंदिरा गांधी रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये, काही मोठी खासगी व धर्मादाय रुग्णालये आणि असंख्य लहान शुश्रूषागृहे, अशी येथील रचना आहे.

परिचारिकांच्या दृष्टीने हे शहर वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण ठरले आहे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी रेल्वेसेवा विरारपुढे डहाणू रोडपर्यंत गेली. त्यामुळे पालघर, बोईसर, डहाणूकडील मुलींना येथवर नोकरीस येणे शक्य झाले. त्या येथे येतात, दोन-तीन वर्षे अनुभव घेतात आणि पुढे बोरिवली, अंधेरी, परळ येथील मोठ्या रुग्णालयांत, शासकीय सेवेत वा परदेशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका असून, २०२३ मध्ये ५८ लाख परिचारिकांची उणीव होती. श्रीमंत देश ही उणीव इतर देशांतून भरून काढतात. भाईंदरच्या कक्षातील मुलीस आखातातून वा इंग्लंडमधून बोलावणे येते, त्यामागे ही जागतिक ओढ आहे.

या ओढीशी केवळ पगाराच्या बळावर स्पर्धा करणे धर्मादाय रुग्णालयास शक्य नाही. मुलाखतीच्या वेळी व नोकरी सोडताना परिचारिका जी कारणे सांगतात, त्यांत वेतनाबरोबर तीन गोष्टी वारंवार येतात: रात्रीचा प्रवास, राहण्याची जागा आणि मुलाचा सांभाळ. त्यांवर उपाय करणे मात्र आपल्या आवाक्यात आहे.

मार्च २०२० च्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत उपनगरी गाड्या बंद होत्या. त्या काळात वसई-विरारकडील परिचारिकांना बसगाड्यांच्या भरवशावर पाळीवर यावे लागले. रुग्णालयालगत निवास असणे ही चैन नसून आपत्काळातील गरज आहे, हे त्या दिवसांनी सिद्ध केले. सुरक्षिततेविषयी तर अधिक सांगावयास नको. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर झालेला पाशवी हल्ला आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांनी तिची केलेली शुश्रूषा महाराष्ट्र विसरलेला नाही. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासून स्वतंत्र कायदा असून, त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. रुग्णांच्या आप्तांस नम्र विनंती की, काळजीपोटी आलेला राग समजण्यासारखा असला, तरी त्याचा पहिला आघात समोर उभ्या असलेल्या परिचारिकेवर होतो, आणि कित्येकदा तिचा राजीनामा त्या रात्रीच लिहिला जातो.

कोणी कोठे जावे

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या लेकी-सुना, तसेच मुलगेही, आता या व्यवसायात येत आहेत. त्यांच्यासाठी अभ्यासान्ती निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे.

पहिला: शिक्षण संपताच, जेथे शिकविणारी वरिष्ठ परिचारिका पाळीवर हजर असते, अशा रुग्णालयात पहिली दोन वर्षे काढावीत. रुग्णालय लहान की मोठे, यापेक्षा हा निकष महत्त्वाचा. नवशिक्या मुलीवर एकटीने रात्रपाळी सोपविणारे रुग्णालय, मग ते पगार कितीही देवो, टाळावे.

दुसरा: मध्यम वा लहान रुग्णालयातील सर्वांगीण अनुभव आणि मोठ्या रुग्णालयातील विशेष अनुभव हे परस्परपूरक आहेत. प्रसूती, बालरोग, अपघात यांचा पाया पक्का करून मग अतिदक्षतेकडे वळलेली परिचारिका अधिक आत्मविश्वासाने काम करते. तसेच मोठ्या रुग्णालयातील शिस्त शिकून गावाकडे परतलेली परिचारिका तेथील रुग्णालयाचा चेहरामोहरा बदलू शकते.

तिसरा: ग्रामीण भागात आता केवळ आरोग्यसेविकेचेच पद नाही. २०१८ नंतर उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांच्या सामुदायिक आरोग्य प्रशिक्षणानंतर त्यासाठी संधी आहे. स्वतः निर्णय घेण्याची आवड असणाऱ्यांनी या वाटेचा विचार अवश्य करावा.

चौथा: नियुक्तिपत्र लेखी घ्यावे, भविष्यनिर्वाह निधी, राज्य कामगार विमा, रजा व पाळ्यांचे तास यांची विचारणा निःसंकोचपणे करावी, आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. काही ठिकाणी परिचारिकेने सोडून जाऊ नये म्हणून तिची प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची प्रथा आढळते. प्रशासक या नात्याने माझे स्पष्ट मत आहे की, कागद अडकवून देह थांबतो, मन थांबत नाही. आणि मन नसलेली शुश्रूषा रुग्णास घातक ठरते.

न्यासाने व देणगीदारांनी काय करावे

या अभ्यासावरून विश्वस्त मंडळापुढे विचारार्थ पाच गोष्टी ठेवीत आहे. एक, रुग्णालयापासून पायी जाता येईल अशा अंतरावर परिचारिका निवास. दोन, रात्री उशिरा सुटणाऱ्या व पहाटे येणाऱ्या पाळीसाठी स्थानकापर्यंत वाहनाची सोय. तीन, पाळणाघर. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची सवेतन रजा आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झाले. रजा संपवून परतणाऱ्या मातेस पाळणाघर नसेल, तर एक अनुभवी परिचारिका कायमची गमावण्याची वेळ येते. चार, निरंतर परिचर्या शिक्षण निधी, ज्यातून दरवर्षी काही परिचारिकांना मोठ्या रुग्णालयात अल्पकालीन प्रशिक्षणास पाठविता येईल. पाच, सेवाज्येष्ठतेनुसार वेतनवाढीचा जाहीर तक्ता, जेणेकरून येथे दहा वर्षे राहिल्यास आपण कोठे असू, हे प्रत्येकीस पहिल्याच दिवशी कळेल.

देणगीदारांस एक नम्र निवेदन. यंत्र देणाऱ्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते, ते योग्यच आहे. पण परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी वा निवासासाठी दिलेल्या देणगीची पाटी भिंतीवर दिसत नाही, म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. श्वसनयंत्राचा धोक्याचा इशारा वाजला, तर तो ऐकून धावत येणारी व्यक्ती त्या कक्षात असावी लागते. ती व्यक्ती आपल्याकडे टिकली, तरच यंत्रावर झालेला खर्च सार्थकी लागतो.

आपल्या रुग्णालयातून काही परिचारिका पुढेही मोठ्या ठिकाणी जातील. त्यांना आपण रोखू नये. उत्तम अनुभवपत्र व शुभेच्छा देऊन निरोप द्यावा. आपली एक विद्यार्थिनी परळच्या अतिदक्षता विभागात वा जव्हारच्या कुटीर रुग्णालयात एखाद्या रुग्णाचे प्राण वाचवीत असेल, तर न्यासाचे धर्मादाय कार्य तेथवर पोहोचले असेच समजावे. मात्र जिला येथेच राहून सेवा करावयाची आहे, तिला केवळ घर दूर आहे, रात्र असुरक्षित आहे वा मूल सांभाळावयास कोणी नाही, या कारणांस्तव जावे लागू नये. एवढी दक्षता घेणे आपल्या सर्वांच्या हाती आहे. विश्वस्त मंडळाने येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात वरील पाच बाबींसाठी स्वतंत्र तरतूद करण्याचा विचार करावा आणि देणगीदारांनी त्यास उदार हस्ते साहाय्य करावे, ही विनंती.



आपला विनम्र,
रुग्णालय प्रशासक